सेकंड गिअरमधलं नाशिक

सातपूरला महिंद्राच्या कारखान्यातून बोलेरो आणि स्कॉर्पिओ बाहेर पडतात. त्याच पट्ट्यात सिएटचे टायर बनतात. बॉशमध्ये डिझेलची नोझल बनतात. आम्ही नाशिककर त्या कंपनीला अजून मायकोच म्हणतो आणि चौकाचं नावही मायको सर्कलच आहे. अंबडच्या गल्ल्यांत उरलेसुरले सुटे भाग बनवणारी छोटी युनिटं आहेत. म्हणजे गाडी बनवण्यातलं या शहराला काय येत नाही, ते शोधावं लागेल. पण तीच गाडी नेमकी किती वळते, कुठून घसरायला लागते, ब्रेक दाबला की नाक किती खाली घालते, हे करून बघायला इथे जागा कुठे आहे असं विचारलं की समोरचा माणूस नुसता बघत राहतो. विचारणारी बाई असेल तर जरा जास्त वेळ बघतो.

मी अंबडच्या एका युनिटमध्ये हिशेब बघते. वडील मायकोतून रिटायर झाले, त्यामुळे आमच्याकडे जेवतानाही पंप, नोझल, मायक्रॉन असले शब्द ताटाभोवती फिरायचे. गाडी चालवणं मला आवडतं, हे लक्षात यायला मात्र चाळिशी उजाडली. आवडतं म्हणजे गाणी लावून त्र्यंबकचा पाऊस बघत जाणं नव्हे; ते सगळ्यांनाच आवडतं. मला आवडतं ते वळण. गिरणाऱ्याच्या रस्त्याला एखाद्या वळणावर गाडीचं वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातं, ते सीटमधून पाठीला कळतं, आणि क्षणभर आपण आणि गाडी एकच गोष्ट करत असतो. हे कुणाला सांगायची सोय नाही. ऑफिसात सांगितलं तर "मॅडम, सांभाळून" म्हणतात. घरी सांगितलं तर इन्शुरन्सचा विषय निघतो.

ऑटोक्रॉस हा प्रकार मला मोबाईलवर सापडला, आणि तो अमेरिकेतला होता. मोठ्या मॉलचं किंवा स्टेडियमचं रिकामं पार्किंग, त्यावर नारिंगी कोन मांडून आखलेली वाकडीतिकडी वाट, आणि एका वेळी एकच गाडी. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही. घड्याळ सुरू होतं, गाडी कोनांच्या मधून काढायची, घड्याळ थांबतं. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात, एखादी वाट चुकली की ती फेरीच बाद. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था या प्रकाराला 'सोलो' म्हणते. त्यांची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकन शहरात जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर होते आणि हजाराहून जास्त लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात. त्यातल्या पुष्कळ गाड्या सोमवारी ऑफिसला जाणाऱ्या असतात. वेग फार नसतो, बहुतेक वाट सेकंड गिअरमध्येच जाते. हे सेकंड गिअरचं वाचलं तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमेल. द्वारका चौकातून रोज जाणाऱ्याला सेकंड गिअर काय शिकवायचा!

इथे शोधायला लागले तर चित्र निराळं. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेक वेळा मातीवर होतो. एखादं मोकळं रान किंवा न बांधलेला प्लॉट घ्यायचा, त्यावर रोलर फिरवून मुरुमाचा ट्रॅक तयार करायचा, वळणांवर कोन, टायर नाहीतर पोती लावायची. एकेक गाडी सुटते ती इथेही, पण तिच्यामागे धुळीचा डोंगर उठतो. मारुती सुझुकीने काही वर्षं 'ऑटोप्रिक्स' नावाने गावोगावी हेच केलं होतं. आता राष्ट्रीय ऑटोक्रॉस अजिंक्यपद स्पर्धाही आहे, तिच्या फेऱ्या वेगवेगळ्या शहरांत होतात. त्यामुळे पार्किंगमधले व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्याचा पहिला धडा मातीचा असतो. डांबरावर टायर धरून ठेवतो. मुरुमावर तो आधी थोडा सरकतो आणि मग धरतो. त्या सरकण्याची सवय होईपर्यंत पोटात गोळा येतच राहतो.

आता शोधायचं कसं, यावर बोलते, कारण मला विचारतात ते हेच.

मोबाईलवर शोधलं की पुणे, बंगळुरू, कोइमतूर सापडतं. नाशिक सापडतं ते जुन्या बातम्यांत. गेल्या दशकात 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिकला व्हायची, राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेची फेरी म्हणून. देशातले चांगले रॅली ड्रायव्हर इथल्या मातीवर गाड्या हाकून गेलेत. इतकं होऊनही शहराच्या आठवणीत त्याचं फारसं काही उरलं नाही. द्राक्षं, मिसळ आणि सिंहस्थ यांच्यापुढे चौथ्या गोष्टीला आमच्याकडे जागाच होत नाही. पण माणसं उरलीत. ज्यांनी तेव्हा झेंडे धरले, वेळा टिपल्या, अडकलेल्या गाड्या दोरीने ओढल्या, ती माणसं याच शहरात राहतात आणि सकाळी तुमच्याआमच्यासारखीच दुधाच्या रांगेत असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायचं, एवढाच प्रश्न असतो.

मी आधी शोरूममध्ये विचारलं. त्यांनी मला नवी गाडी दाखवली. मग गाड्या सजवून देणाऱ्या एका दुकानात विचारलं. त्यांनी सायलेन्सर दाखवला. शेवटी आमच्या मिस्त्रींकडे विषय काढला. ते स्विफ्टच्या बॉनेटखाली वाकलेले होते, तसेच वाकून म्हणाले, "ताई, असलं काही असलं की टायरवाल्याला आधी कळतं. ही पोरं चार दिवस आधी टायर बदलायला येतात आणि स्पर्धा झाली की दोन दिवसांनी जुने परत चढवायला येतात." हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. टायरवाल्याकडे गेले. त्याने हातातलं काम न सोडता एक नंबर सांगितला. त्या नंबरवरचे गृहस्थ अनेक वर्षं स्पर्धांत मार्शल म्हणून, म्हणजे झेंडा घेऊन ट्रॅकवर लक्ष ठेवायला, उभे राहिलेले. मी आपलं सगळं सांगितलं, गाडी कोणती, कधीपासून चालवते वगैरे. ते म्हणाले, "या रविवारी या. गाडी घरी ठेवा. टोपी आणा."

गाडी घरी ठेवायचा सल्ला मला तेव्हा अपमानासारखा वाटला होता. आता मी तोच देते.

कारण ट्रॅक कळतो तो कोनाशेजारी उभं राहून. पहिल्या खेपेला तुम्हाला मार्शलांच्या मदतीला घेतात आणि एक वळण नेमून देतात. तुमच्या ताब्यात पाचसहा कोन, एक लाल झेंडा आणि एक वॉकीटॉकी. प्रत्येक कोनाभोवती जमिनीवर फक्कीने चौकट आखलेली असते. गाडी गेली, कोन हलला, पण पाया चौकटीला टेकलेला आहे, तर माफ. चौकटीबाहेर गेला किंवा आडवा झाला, तर वॉकीटॉकीवर गाडीचा नंबर आणि "एक कोन" एवढंच बोलायचं, धावत जाऊन कोन जागेवर ठेवायचा आणि पुढची गाडी यायच्या आत परत यायचं. दिवसभर हे करताना एकाच वळणावरून साठसत्तर फेऱ्या डोळ्यांसमोरून जातात. कोण वळणात शिरून मग ब्रेक मारतं आणि सरळ पोत्यांकडे निघतं, कोण आधीच वेग उतरवून आत येतं आणि निवांत बाहेर पडतं, हे दुपारपर्यंत आपोआप दिसायला लागतं. सगळ्यात मोठा आवाज करणारी गाडी सगळ्यात वेगवान नसते, हेही दिसतं. त्या दिवशी माझ्या वळणावर ज्या गाडीकडे कुणी मान वळवून बघितलं नाही, ती एक जुनी, रंग उडालेली एस्टीम होती. तिचा टाइम तिच्या गटात पहिला आला.

मातीही बदलत जाते. सकाळी वर भुसभुशीत थर असतो, पहिल्या गाड्या त्यात पोहतात. मधल्या गाड्यांना झाडलेली कडक वाट मिळते. दुपारी त्याच वाटेत चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि खाली घासणाऱ्या गाड्यांचे इंजिनाखालचे चेंबर ओरडायला लागतात. मध्येच टँकर येऊन पाणी मारतो, की पुढच्या दोघांच्या नशिबी चिखल. म्हणून जुनी माणसं यादीत आपला नंबर कितवा आहे ते आधी बघतात, हवामान नंतर.

एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, गंमतही मला तिथेच उभ्या उभ्या कळली. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे आणि रस्त्यावर ते असलंच पाहिजे. पण सुट्या मुरुमावर चाक लॉक झालं की ते पुढे मातीचा ढीग लोटतं आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही, ढीग तयार होत नाही, गाडी थोडी लांब जाऊन थांबते. बदल्यात स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. नवी गाडी घेऊन आलेला मुलगा पहिल्या वळणाला सरळ का जातो आणि जुन्या जिप्सीवाला तिथेच कसा थांबतो, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं जिप्सीवाल्याच्या वयात.

परवानगीबद्दल थोडं लिहायला हवं. विषय रुक्ष आहे, पण नाशिकमध्ये स्पर्धा कमी का होतात याचं कारण तिथेच सापडतं.

मोटार वाहन कायद्याचं १८९ वं कलम आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागेत शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी करणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर एक वर्ष आणि दहा हजारांपर्यंत. कलम योग्यच आहे. रात्री अकरानंतर गंगापूर रोडला जी पोरं सायलेन्सर फोडून सोमेश्वरकडे सुटतात, त्यांच्यासाठी हे कलम रोज वापरलं तरी माझी हरकत नाही. अडचण अशी की 'गाड्यांची स्पर्धा' एवढं ऐकलं की साहेबांच्या डोळ्यांपुढे तीच पोरं येतात. खासगी जागा, जागामालकाचं संमतीपत्र, पोलिसांची परवानगी, ॲम्ब्युलन्स, अग्निशमनाची सोय, हे सगळं जमवणारा आयोजक आणि गंगापूर रोडवरचा पोरगा एकाच फायलीत जातात. माझं मत विचाराल तर महिन्यातून एक रविवार मुरुमाचं एक मैदान द्यावं आणि त्याच पोरांना तिथे नाव नोंदवायला लावावं. हेल्मेट घालून, चारशे माणसांपुढे, वडिलांच्या वयाच्या माणसाने जुन्या एस्टीममध्ये हरवलं की रात्रीचा निम्मा जोर उतरतो. मी उतरताना बघितलाय.

आणि बंद जागेचा आग्रह का, तेही सांगते. रॅलीमध्ये रस्ते स्पर्धेपुरते बंद केले जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या फेरीत अशा बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेच्या गाडीखाली एकाच कुटुंबातली तीन माणसं गेली. रॅली हा मोठ्यांचा, फार सुंदर आणि फार अवघड खेळ आहे. ऑटोक्रॉसमध्ये सगळा ट्रॅक एका नजरेच्या टप्प्यात असतो, लाल झेंडा सगळ्यांना दिसतो, ट्रॅकवर गाडी एकच असते. नवख्याने सुरुवात इथूनच का करावी, याला माझ्याकडे दुसरं कारण नाही.

म्हणून एखाद्या स्पर्धेचं पोस्टर हातात आलं की मी आधी बक्षिसाची रक्कम बघत नाही. एफएमएससीआयचं नाव आणि परमिट आहे का ते बघते. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही आपली राष्ट्रीय संस्था, चेन्नईहून चालते, गाड्यांसाठी एफआयए आणि दुचाकींसाठी एफआयएम या जागतिक संघटनांशी जोडलेली. त्यांच्या कॅलेंडरमध्ये मान्यताप्राप्त स्पर्धा असतात, संलग्न क्लबांची यादी असते. त्यांच्या स्पर्धेत उतरायला त्यांचं लायसन्स लागतं, ते दरवर्षी काढायचं. दुसरं बघायचं ते सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, सगळे 'एसआर' म्हणतात. हा कागद कंटाळवाणा असतो आणि पूर्ण वाचायचा असतो. गट कसे पाडलेत, गाडीत काय बदल चालतात, कोनाला किती सेकंद, किती फेऱ्या, त्यातली कुठली धरणार, हेल्मेट कुठलं चालेल, स्क्रुटिनी म्हणजे गाडीची तपासणी किती वाजता, तक्रार कशी करायची, सगळं त्यात असतं. ज्या आयोजकाकडे एसआर नाही आणि "या हो, बघू तिथे" असं उत्तर आहे, तिथे प्रेक्षक म्हणून जावं. शक्यतो लांब उभं राहावं.

इन्शुरन्सचं घरच्यांचं म्हणणं मात्र खरं निघालं. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्याने देणं, मालवाहतूक, आणि त्याच यादीत आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल. म्हणजे ट्रॅकवर दार चेपलं तर तो खर्च आपला. जास्तीचा हप्ता भरून रॅलीसाठी पॉलिसीला जोड मिळू शकते, पण ती कंपनीला विचारून, आधी, लेखी. मी वडिलांना पॉलिसीचं ते पान दाखवलं तेव्हा ते दोनदा वाचून म्हणाले, "मग जुन्याच गाडीने जा." माझ्या कल्पनेत ते नको म्हणणार होते. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला टॉलरन्स, म्हणजे मापात किती इकडेतिकडे चालतं, हे कागदावर दाखवलं की तो शांत होतो, हे मला आधीच कळायला हवं होतं.

गाडी घेऊन गेले त्या दिवसाबद्दल लोक खोदून विचारतात, पण तो दिवस बराचसा वाट बघण्यातच जातो. पहाटे डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, पाने, पायाखालच्या मॅट, देवाची मूर्ती, पाण्याची बाटली, सगळं खाली, कारण वळणात सुटी वस्तू ब्रेकच्या पेडलखाली जाते. हवा नेहमीपेक्षा किती ठेवायची यावर तिथे तीन माणसांनी तीन मतं दिली, मी मिस्त्रींचं ऐकलं. स्क्रुटिनीत एक मुलगा बॅटरी हलवून बघतो, बेल्ट ओढून बघतो, चाक धरून खडखड वाजतंय का बघतो, खाली वाकून गळती बघतो. मग ट्रॅक पायी फिरायचा. हे फुकट असतं आणि तरी निम्मे लोक तेव्हा चहाला जातात. मी एका मोठ्या माणसामागून फिरले. ते एका कोनापाशी थांबायचे, मागे वळून बघायचे, पुढच्या कोनाकडे बघायचे आणि काही न बोलता चालायला लागायचे. शेवटी मीच विचारलं. म्हणाले, "कोन मोजू नका. पुढच्या वळणातून बाहेर कुठे पडायचंय ते बघा, हात आपोआप तिकडे जातो."

महिलांचा वेगळा गट होता. याबद्दल माझं मन दोन्हीकडे आहे. घड्याळाला स्टिअरिंगमागे कोण बसलंय ते कळत नाही, मग गट कशाला, हे एक. आणि तो गट नसता तर त्या दिवशी ट्रॅकवर आम्हा बायकांपैकी बहुधा कुणीच नसतं, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. मी फॉर्म भरला.

रांगेत हेल्मेट घालून बसलं की गाडी परकी वाटते. रोज हाताखाली असलेला गिअर मिळतो की नाही अशी शंका येते. झेंडा खाली गेला आणि पाठ केलेला नकाशा पहिल्या वळणातच पुसला गेला. उरला समोरचा मुरूम आणि स्टिअरिंगमधून येणारी थरथर. स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीने लावलेल्या कोनांच्या एकदा डावीकडून एकदा उजवीकडून जाताना, मला ती गिरणाऱ्याच्या रस्त्यावरची गोष्ट पुन्हा कळली, पण इथे ती भराभर, एकामागून एक, श्वास घ्यायला जागा न ठेवता. ॲक्सिलेटर सोडला की नाक जड होतं आणि पुढची चाकं जमीन धरतात; दाबला की नाक उचलतं आणि गाडी वळायला नाही म्हणते. कॉलेजात फिजिक्समध्ये हे बहुतेक कुणीतरी फळ्यावर काढलं होतं. फळ्यावर धूळ उडत नव्हती एवढंच. फिनिशनंतर गाडी चौकटीत उभी करायची असते, तिथे एक मुलगी वाकून म्हणाली, "मॅडम, आता श्वास सोडा."

माझा टाइम तक्त्यात खालून शोधायला सोपा होता. दुसऱ्या फेरीत तो बराच उतरला, आणि पहिल्या फेरीतली मी व दुसऱ्या फेरीतली मी यांच्यातला तो फरक मला संध्याकाळपर्यंत पुरला. शेजारी कोण किती वेगात गेलं याची चौकशी करायचं भान नंतर आलं. मखमलाबादकडे मिसळ खायला सगळे गेलो तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या होत्या आणि टेबलावर तर्रीपेक्षा टायरच्या हवेचीच चर्चा जास्त.

मातीवरच्या स्पर्धेसाठी थांबवत नसेल तर दुसऱ्याही वाटा आहेत, त्या थोडक्यात सांगते. टीएसडी रॅली असते, टाइम-स्पीड-डिस्टन्स. रहदारीच्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगातच, पण आयोजकांनी सांगितलेली सरासरी सेकंदांपर्यंत पाळायची. लवकर पोहोचलात तरी दंड, उशिरा पोहोचलात तरी दंड. त्यात शेजारी बसणाऱ्याचं डोकं गाडीच्या इंजिनापेक्षा महत्त्वाचं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांची मोटार रॅली भरवते, तिथे नटलेल्या गाड्या बघायलाही गर्दी होते. चारही चाकांना ताकद देणारी फोर बाय फोर गाडी असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड शिकवणारी अकॅडमी आपल्या जिल्ह्यातच आहे. आणि घरात इंजिनिअरिंगचं पोर असेल तर त्याच्या कॉलेजात बाहा एसएईची टीम आहे का विचारा. ही मुलं स्वतः वेल्डिंग करून एका सीटची बग्गी बनवतात आणि इंदूरजवळ पिथमपूरला नेऊन खड्ड्यांत आदळतात. माझा भाचा त्यातलाच. कुठे काय चाललंय हे या मुलांना इतरांच्या आधी कळतं, कारण त्यांना सतत कुणाचं तरी मैदान हवं असतं.

नाशिकचं वेळापत्रक मात्र नाशिकचंच. पावसाळ्यात ट्रॅक होत नाही. दिवाळीनंतर जमीन छान बसते, पण जानेवारी ते मार्च द्राक्षं तयार असतात आणि बागेशेजारी धूळ उडवायला कुठलाच शेतकरी जागा देत नाही, देऊही नये. एक्सपोर्टचा घड आहे तो. उन्हाळ्यात हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. त्यात आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी. मोकळी मैदानंही त्यांच्या कामात आणि पोलीसही. तेव्हा जवळची स्पर्धा कधीकधी पुण्याची निघते. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव ओलांडून पहाटे जायचं, दिवसभर धुळीत उभं राहायचं आणि परतताना ड्रायव्हिंगला कुणीतरी दुसरं असावं. हे शेवटचं मी आग्रहाने सांगते.

परवा एका मुलीचा फोन आला. टायरवाल्याने नंबर दिला म्हणे. आवाजावरून कॉलेज नुकतंच संपलेलं. "ताई, माझ्याकडे पप्पांची आय-टेन आहे. चालेल का?"

चालेल म्हटलं, पण पहिल्या खेपेला आणू नकोस. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बूट, टोपी, पाणी. सहाला पोहोच, सातनंतर आलेल्याला चांगलं वळण मिळत नाही. पप्पांना पॉलिसी काढून ठेवायला सांग, आपण दोघी वाचू.

"पप्पांचं काही नाही," ती म्हणाली, "आईला काय सांगू?"

तिला घेऊनच ये म्हटलं. वेळा टिपायला आमच्याकडे माणसं नेहमीच कमी पडतात.